‘ब्लॅक वॉच’ या चौकड्यांच्या कापडाच्या नावातील ‘वॉच’चा अर्थ काय?

जांभळीनाका (प्रश्न)

नमस्कार. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचे कापडाचे दुकान असून शाळांच्या गणवेशांसाठी लागणारे चौकड्यांचे कापड आम्ही ठेवतो. गडद निळा, गडद हिरवा आणि काळा अशा तीन रंगांच्या एका चौकड्याला व्यापारी ‘ब्लॅक वॉच’ म्हणतात. काही ताग्यांवर मात्र त्याच कापडाला ‘गव्हर्न्मेंट टार्टन’ (टार्टन म्हणजे स्कॉटलंडचे चौकड्यांचे कापड) असे लिहिलेले असते. दुकानाची मालसूची मराठीत तयार करताना भाषांतराच्या एका ॲपने त्याचे ‘काळे घड्याळ’ केले. मुलीने ते हसत हसत मला दाखवले, पण खरा अर्थ विचारल्यावर मलाही सांगता आला नाही. हे स्कॉटलंडच्या एका पलटणीचे नाव आहे, एवढेच ऐकून आहे. मग सूचीत ‘काळी पलटण’ असे लिहावे का? आणि मूळचे लष्करी कापड शाळेच्या मुलींच्या स्कर्टसाठी विकण्यात काही गैर तर नाही ना?

वाशीचा वाचक

येथील ‘वॉच’ म्हणजे पहारा किंवा गस्त. १७१५ चा जॅकोबाइट उठाव, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचे बंड, मोडून काढल्यानंतरही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँड्समध्ये, सरकारचा अंमल पुरता बसलेला नव्हता. म्हणून १७२५ मध्ये जनरल जॉर्ज वेड यांनी सरकारशी एकनिष्ठ असलेल्या कुळांमधून (म्हणजे ‘क्लॅन’ या स्थानिक घराण्यांमधून) सहा स्वतंत्र कंपन्या, म्हणजे सैनिकी तुकड्या, उभ्या केल्या. त्यांपैकी तीन कॅम्पबेल कुळाच्या होत्या, तर फ्रेझर, मन्रो आणि ग्रँट या कुळांची प्रत्येकी एक होती. गुरांची चोरी थांबवणे, लोकांकडील हत्यारे काढून घेणे आणि डोंगरवाटांवर नजर ठेवणे हे त्यांचे काम. म्हणजे लढाईपेक्षा पोलिसांच्या कामाच्या जवळचे. स्थानिक गेलिक भाषेत त्यांना ‘अम फ्रेकादन दू’ असे म्हणत. ‘फ्रेकादन’ म्हणजे पहारा आणि ‘दू’ म्हणजे काळा किंवा गडद. इंग्रजी नाव हे त्याचेच शब्दशः रूप आहे.

हा ‘काळा’ कोठून आला, यावर एकमत नाही. नेहमीच्या सैन्याचे डगले लाल असत आणि गेलिकमध्ये त्या सैनिकांना ‘लाल शिपाई’च म्हणत, त्यांच्या तुलनेत गडद चौकड्याचे हे पहारेकरी ‘काळे’ ठरले, हे एक स्पष्टीकरण. आपल्याच माणसांवर पाळत ठेवणाऱ्यांना लोकांनी काळ्या मनाचे मानले, हे दुसरे. तिसरे ‘ब्लॅकमेल’ या शब्दाशी जोडले जाते. तोही स्कॉटलंडकडचाच शब्द असून त्यातील ‘मेल’चा टपालाशी संबंध नाही; स्कॉट्स बोलीत त्याचा अर्थ खंड किंवा वसुली असा होतो. गुरे चोरीला जाऊ नयेत म्हणून द्यावा लागणारा हप्ता म्हणजे ‘ब्लॅकमेल’, आणि तो मोडून काढणे हे या पहाऱ्याचे एक काम होते. मला स्वतःला पहिले स्पष्टीकरण पटते, कारण लाल आणि काळा ही जोडी त्या भाषेत आपसूक जुळते. दुसरे मागाहून रचल्यासारखे वाटते.

१७३९ मध्ये या कंपन्यांत भर घालून त्यांची एक पलटण करण्यात आली आणि १७४० मध्ये टे नदीकाठी ॲबरफेल्डी येथे तिची पहिली हजेरी झाली. पुढे ती ४२ वी पलटण म्हणून ओळखली गेली. कापड सरकारी पलटणीचे असल्यामुळे ‘गव्हर्न्मेंट टार्टन’ हे दुसरे नाव पडले. आपल्या ताग्यांवरील दोन्ही नावे एकाच चौकड्याची आहेत. २००६ मध्ये ही पलटण ‘रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड’मध्ये विलीन झाली आणि आता तिची तिसरी बटालियन म्हणून ओळखली जाते.

ताणाबाणा

मी कापड गिरणीत नोकरी केली आहे, त्यामुळे विणीपुरते लिहितो. या कापडात ताण्याच्या (उभ्या) आणि बाण्याच्या (आडव्या) रंगीत धाग्यांचा क्रम एकच असतो आणि वीण ट्विलची, म्हणजे तिरकस रेघा दिसणारी असते. समान रंगाचे धागे एकमेकांवर येतात तेथे रंग शुद्ध दिसतो आणि भिन्न रंगांचे येतात तेथे मिश्र छटा दिसते. म्हणून धागे तीन रंगांचे असूनही डोळ्यांना सहा छटा दिसतात. गिऱ्हाईक ‘यात काळपट हिरवाही आहे’ म्हणाले, तर ते बरोबरच सांगत असते.

याच चौकड्यात पिवळी रेघ घातली की गॉर्डन पलटणीचा चौकडा होतो आणि लाल व पांढऱ्या रेघा घातल्या की मॅकेन्झी. ताग्यात एखादी रेघ जास्त दिसली, तर त्याला ‘ब्लॅक वॉच’ म्हणू नये.

वाशीचा वाचक

मॅकेन्झीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. तो चौकडा ज्या ७८ व्या हायलँडर पलटणीचा, ती आपल्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांविरुद्ध लढली होती.

घोडबंदरकर

‘काळी पलटण’ असे कृपया लिहू नये. आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळात हिंदी शिपायांच्या पलटणींना ‘काळी पलटण’ आणि इंग्रजांच्या पलटणींना ‘गोरी पलटण’ म्हणत. मेरठमधील एक मंदिर आजही ‘काली पलटन मंदिर’ म्हणून ओळखले जाते. वाचकाचा समज नेमका उलटा होईल. ‘काळा पहारा’ अर्थाने बरोबर आहे, पण त्या नावाने कोणीही कापड मागणार नाही. विशेषनाम तसेच ठेवून पुढे एका ओळीत खुलासा करणे उत्तम.

स्कर्टबद्दल काळजी नसावी. कुळाचा स्वतःचा चौकडा नसलेल्यांनीही वापरावा असा हा सर्वसामान्य चौकडा मानला जातो आणि अनेक देशांतील शाळांच्या गणवेशांत तो दिसतो. जपायचे ते पलटणीचे बोधचिन्ह आणि टोपीवरील लाल तुरा. ती त्या सैनिकांची ओळख आहे, कापड नव्हे.

जांभळीनाका

सर्वांचे आभार. सूचीत असे लिहीत आहे: ‘ब्लॅक वॉच चौकडा. निळा, हिरवा, काळा. मूळ स्कॉटलंडमधील गस्तीच्या सैनिकांचे कापड. यालाच गव्हर्न्मेंट टार्टन असेही म्हणतात.’ सायंकाळी गोदामातील तागे पुन्हा पाहिले. ‘ब्लॅक वॉच’ म्हणून ठेवलेल्या ताग्यांपैकी दोहोंत बारीक पिवळी रेघ निघाली. त्यांच्या चिठ्ठ्या आजच बदलल्या.