मदत हवी आहे: बासरीतला लहान-मोठा आवाज आधी गळ्यात कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. दोन वर्षं दर रविवारी बसने बेळगावला जाऊन बासरी शिकतोय, गावच्या भजनी मंडळात एकादशीला साथही करतो. सूर बऱ्यापैकी लागतात, पण सगळं एकाच आवाजात वाजतं. अभंगाचा पहिला चरण आणि शेवटचा गजर सारखेच. पखवाजवाले काका परवा म्हणाले, "पोरा, चढ-उतार कुठं हाय रे?" फार लागलं मनाला.

सरांनी सांगितलंय, महिनाभर आधी गळ्यातून म्हण, मग फुंक. तंबोऱ्यावर सा धरायचा, आठ मात्रांत हलका ते मोठा, पुढच्या आठ मात्रांत परत हलका. पाश्चात्त्य गायनात याला मेसा दि व्होचे म्हणतात. कारण पटतं मला. बासरीत फुंक वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो, त्यामुळे आवाज बदलतानाही सूर जागेवर ठेवायला कान आधी तयार हवा.

पण गळ्यातही तेच होतंय! आवाज लहान करताना नुसती हवा येते आणि सूर खाली घसरतो. मोठा करताना मानेच्या शिरा ताणतात. त्यात आमच्याकडं पाऊस असा, की कौलांवरच्या आवाजात हलका सूर मलाच ऐकू येत नाही. फोनवर रेकॉर्ड केलं तर लहान-मोठं सगळं सपाट ऐकू येतं. तंबोरा बासरीच्या पट्टीत, पांढरी तीनला (पेटीच्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी हा सा) लावतो. काय चुकतंय, सांगा की.

प्रतिसाद

पट्टीच चुकतेय असं वाटतं. पांढरी तीन बासरीची, तुमच्या गळ्याची नव्हे. बऱ्याच पुरुषांना काळी एकच्या आसपास सोपं जातं. गळ्याच्या रियाजाला तंबोरा खाली लावा, शिरा ताणणं कमी होईल.

हलक्या आवाजात हवा येते, कारण स्वरतंतू नीट मिटत नाहीत. आधी ओठ मिटून 'म्' वर सा धरा, मग तोच 'आ' वर उघडा. लहान म्हणजे ढिला नव्हे. बासरीतही तेच: ओठांची फट बारीक करायची, हवा कमी, पण वेग टिकवायचा.

रेकॉर्डिंग सपाट येतं, कारण बरेच फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतात. ती सोय बंद होत असेल तर करा. नाहीतर घरातल्या कुणाला तरी अंगणापलीकडे उभं करा आणि विचारा, हलका सा पोचला का?

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. आज काळी एकवर 'म्' करून बघितलं, सहाव्या मात्रेपर्यंत सूर हलला नाही. पण परत लहान होताना शेवटच्या दोन मात्रांत श्वासच संपतो. आठऐवजी चार मात्रांपासून सुरू करू का?