मदत हवी आहे: कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ बाबांना ट्राउट धरायला न्यायचंय. नदी कुठली आणि दिवस कुठले निवडू?

नमस्कार मंडळी,

बाबा १५ जूनला डेन्व्हरला येतायत, सप्टेंबरच्या शेवटी परत जातील. वय ६८. आमचं गाव सांगलीजवळ कृष्णाकाठी. बाबांचं सगळं लहानपण घाटावर गळ टाकून बसण्यात गेलं. बांबूची काठी, मोरपिसाच्या देठाचं बूच, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मरळ, वाम, कधी नशिबात असेल तर कटला. मी सात-आठ वर्षांचा असताना ते मला शेजारी बसवायचे आणि बूच हललं की माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे. थांब, अजून ओढू नकोस. पुढे बदलीची नोकरी आली, आईचं आजारपण आलं आणि गळ सुटला तो सुटलाच. गेल्या पंचवीस वर्षांत ते गळ घेऊन नदीवर गेलेले नाहीत.

मी इथे तीन वर्षांपासून फ्लाय फिशिंग शिकतोय, म्हणजे गळाला खऱ्या आमिषाऐवजी पिसं-धाग्यांची किड्यासारखी खोटी माशी लावून मासे धरणं. काठी नऊ फुटी, पाच नंबर दोरीची. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर बाबांना या खोट्या माश्यांची डबी दाखवली. त्यातली झेब्रा मिज नावाची माशी चिमटीत धरून कॅमेऱ्याजवळ नेली, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हा तर डास आहे. याला मासा येतो?" मग फेझंट टेल ही माशी दाखवली आणि तिच्या छातीशी मोरपिसाचा धागा गुंडाळलाय असं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आल्यावर दाखव मला." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

अडचणी सांगतो. पहिली पाण्याची. मी गेल्या वर्षी मेच्या शेवटी क्लिअर क्रीक या ओढ्यावर गेलो होतो. बर्फ वितळायचा ऐन मोसम, पाणी चहाच्या रंगाचं आणि जोर भयंकर. काठापासून दोन पावलंच आत होतो, दगडावरून पाय सटकला आणि वेडर्समध्ये, म्हणजे छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीत, वरून कमरेपर्यंत पाणी शिरलं. कमरेचा पट्टा आवळलेला होता म्हणून निभावलं. बाबांच्या बाबतीत असलं काही व्हायला नको. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, सपाटीवर मैलभर चालतात, पण दगडधोंड्यांत नाही. त्यामुळे साउथ प्लॅट नदीवरची चीझमन कॅन्यन ही दरी मी मनातून काढून टाकलीय. मासे सुंदर आहेत, पण तिथल्या गिल ट्रेल या पायवाटेची चढउतार त्यांना झेपणार नाही.

डेकर्स या ठिकाणाचा विचार चाललाय. साउथ प्लॅट नदी तिथे चीझमन धरणाच्या खाली वाहते. पाणी धरणातून सुटतं, म्हणून इतर ओढे गढूळ असताना ती बऱ्याचदा नितळ असते, आणि रस्ताही नदीच्या कडेनं जातो. पण तिथले मासे फार चोखंदळ. २२ नंबरची बारीकशी माशी आणि ६एक्स टिपेट (दोरीच्या टोकाचा अगदी पातळ धागा) लावून मला स्वतःला तीनदा रिकाम्या हातानं यावं लागलंय. नवख्या माणसाला थेट तिथे नेणं बरोबर आहे का?

दुसरा प्रश्न मासा सोडून देण्याचा. आमच्या घरात धरलेला मासा कालवणात जातो. तो पाण्यात परत सोडायचा हे बाबांना कसं सांगू, ते मला खरंच कळत नाहीये. त्यांना वाईट वाटायला नको, आणि माशालाही इजा नको.

आणि परवाना. ते पाहुणे, मी इथला रहिवासी. ज्येष्ठांची सवलत त्यांना मिळते का?

ज्यांनी वडीलधाऱ्यांना असं नेलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

गोल्डनला राहतो, क्लिअर क्रीक दारातच आहे, म्हणून लिहितोय.

जूनमध्ये ओढ्यांवर अजिबात जाऊ नका. पाण्याचा जोर साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त असतो आणि क्लिअर क्रीक नीट व्हायला बहुतेक वेळा जुलै निम्मा सरतो. त्यानंतर मात्र तुमच्या बाबांसाठी याहून चांगली जागा नाही. कॅन्यनमध्ये काँक्रीटची रुंद पायवाट केली आहे, गाडी लावली की पाच मिनिटांत पाण्याशी. ब्राउन ट्राउट लहान, वीतभर, पण भुकेले. पाणी जोरात वाहतं, माशाला विचार करायला वेळच नसतो, वर एल्क हेअर कॅडिस ही खोटी माशी तरंगत आली की झडप घालतो. उठलेला मासा डोळ्यांना दिसतो, आणि ज्यांनी आयुष्यभर बुचाकडे बघितलंय त्यांना याची फार मजा येईल. पाण्यात उतरायची गरजच नाही. मोठ्या दगडांच्या मागची संथ जागा बघा, मासा तिथेच असतो.

काठीबद्दल एक. आपल्या गळात वजन दोरीच्या टोकाला असतं, इथे वजन दोरीतच असतं. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. ते हवेत मागे पूर्ण उलगडलं की मगच पुढे न्यायचं. बाबांना नदीवर नेण्याआधी चार संध्याकाळी बागेतल्या हिरवळीवर दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून सराव द्या. बूच बुडेपर्यंत ज्यांना थांबता येतं, त्यांना हे थांबणंही लवकर जमतं.

ऑगस्टमध्ये थर्मामीटर जवळ ठेवा. पाणी ६७ फॅरेनहाइटच्या, म्हणजे १९ सेल्सियसच्या वर गेलं की थांबायचं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सोडला तरी मरतो. म्हणून सकाळी जा. तसंही दुपारी डोंगरावर ढग जमतात आणि विजा पडतात, अशा वेळी हातात नऊ फुटी काठी नको.

परवाना सोळा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना लागतो. ज्येष्ठांची सवलत राज्याच्या रहिवाशांनाच. पाहुण्यांना एका दिवसाचाही मिळतो, ऑनलाइन काढा.

प्रतिसाद

माझे सासरे मालवणचे. त्यांना मी तीन वर्षांपूर्वी नेलं होतं, त्यामुळे मासा सोडण्याचा प्रश्न अगदी ओळखीचा आहे.

मी आधी समजावत बसले नाही. पहिल्या दिवशी एव्हरग्रीन तलावावर गेलो. तिथे हॅचरीत (मत्स्यपालन केंद्रात) वाढवलेले रेनबो ट्राउट आणून सोडतात, ते खायलाच असतात. एरवी राज्यात दिवसाला चार ट्राउट ठेवता येतात, फक्त त्या पाण्याचे वेगळे नियम आहेत का ते आधी वाचा. दोन मासे घरी आणले, हळद-मीठ-तिखट लावून रव्यात तळले. पप्पा म्हणाले, काटा कमी, चव बरी. मन भरलं.

मग नदीवर मी सांगितलं की हे ब्राउन कुणी आणून सोडलेले नाहीत, इथेच जन्मले, इथेच वाढतायत. हात आधी ओले करायला लावले, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग माशाला बुरशी लागते. गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाकला होता. मासा पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीशी हलकेच धरून ठेवायचा. पप्पांच्या तळहातात तो तीन-चार वेळा कल्ले उघडून-मिटून स्थिर झाला आणि एकदम निसटून गेला. त्यानंतर त्यांनी ठेवायचं नावच काढलं नाही.

डेकर्स सप्टेंबरसाठी राखून ठेवा. सकाळी ट्रायको नावाचे बारीक किडे उडतात, ढगाळ दुपारी ब्लू विंग्ड ऑलिव्ह हे किडे. आरएस२ ही खोटी माशी घ्याच, रिम चंग यांनी ती याच राज्यात घडवली आणि याच नदीवर ती चालते. त्या दिवशी अर्ध्या दिवसाचा गाइड करा, म्हणजे तुम्हाला बाबांकडे बघायला सवड मिळेल.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. असं ठरवलंय: जूनअखेर हिरवळीवर सराव आणि एव्हरग्रीन तलाव, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून क्लिअर क्रीक, डेकर्स सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. थर्मामीटर आजच मागवला. बाबांना फोनवर उलट्या काट्याचं सांगितलं, तर म्हणाले त्यांचे आजोबा मळ्यातल्या विहिरीत सोडायचे मासे असेच बिनकाट्याच्या गळानं धरायचे. हे मला आजवर माहीत नव्हतं.

एकच राहिलं. काठावरच्या ओल्या दगडांवर उभं राहायला त्यांना बूट घ्यायचेत, नऊ नंबर. रबरी तळाचे घेऊ की फेल्टचे?