प्रति: क्लच दाबल्यावर घरघर, गाडी जागेवरून उचलताना 'टक्'

क्लच दाबल्यावर घरघर येते आणि गाडी जागेवरून निघताना 'टक्' वाजतं, असा प्रश्न इथे विचारलाय; त्यावर सरळ गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला कुणीतरी दिलाय. थांबा, आधी पेडलवरच पारख करा.

इंजिन आयडलला (चालू, पण ॲक्सिलरेटर न दाबता), गिअर न्यूट्रल. पेडल सोडलेलं असताना घरघर आणि पूर्ण दाबल्यावर शांत, तर इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. गिअर ऑइलची पातळी लगेच बघा. पेडलवर नुसता पाय टेकवताच आवाज सुरू होऊन दाबाबरोबर वाढला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). पेडल तळाला, गिअर टाकलेला, गाडी उभी आणि तेव्हाच किंचाळल्यासारखा आवाज, तर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं). कारण फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं जड चाक) फिरतं, इनपुट शाफ्ट थांबलेला असतो, त्यामुळे ते बेअरिंग तेव्हाच काम करतं.

गाडी उचलतानाचा 'टक्' बहुधा वेगळाच आजार. इंजिन बंद, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, न्यूट्रल; मग खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा लांब दांडा) हाताने पिळून बघा. क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्यातल्या अधिक-चिन्हासारख्या तुकड्याच्या) कपाभोवती गंजासारखी तांबूस भुकटी दिसली की तो क्रॉस संपला, ग्रीस मारून उपयोग नाही. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) सोडवण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर खूण करा; एक दात चुकला तरी योक (क्रॉस धरणारे काटे) एकमेकांच्या रेषेतून फिरतात आणि नवीन थरथर मागे लागते.

गिअरबॉक्स उतरवलाच, तर रिलीज आणि पायलट दोन्ही बेअरिंग बदला. मजुरी तीच लागते.