अ‍ॅक्युपंक्चर ‘शंभर टक्के निर्धोक’ म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा

रानजाई
परवा इथे ‘सुया आणि मोक्सा : साइड इफेक्ट शून्य, विज्ञानाने सिद्ध’ असा लेख आला. कंबरदुखीपासून पायाळू (पोटात पाय खाली असलेल्या) बाळापर्यंत सगळ्यावर उपाय, ही विद्या डॉ. कोटणीसांनी भारतात आणली, आणि शंका घेणारे सगळे औषध कंपन्यांचे हस्तक, असा एकूण सूर. तिथे प्रतिसाद लिहायला बसले तो इतका लांबला की वेगळा धागा काढतेय.

माझ्या सासूबाईंना पंधरा वर्षांचा मधुमेह. तळपाय बधिर. गुडघ्यासाठी एका सेंटरमध्ये जायच्या, तिथे मोक्सा सुरू केला. दवण्याच्या जातकुळीतल्या पाल्याची अंगठ्याएवढी जाड कांडी असते. ती विडीसारखी पेटवून कातडीपासून बोटभर अंतरावर धरतात. “गरम लागलं की सांगा आजी,” एवढंच सांगितलं. बधिर पायाला काय गरम लागणार? घरी येऊन मोजा काढला तर घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फोड. तो चिघळला. भरायला अडीच महिने लागले आणि रोजचं ड्रेसिंग मी केलंय. म्हणून ‘शून्य’ हा शब्द मला सहन होत नाही.

सुया मोक्सासारख्या भाजत नाहीत, पण तिथेही शून्य नाहीच. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २ लाख २९ हजार रुग्ण होते. त्यातल्या ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांना थोडं रक्त, काळंनिळं होणं, दुखणं. दोघांच्या मात्र फुप्फुसाभोवती हवा भरली. आणि तिथे सुया टोचणारे शिकलेसवरलेले डॉक्टर होते, आपल्या गल्लीतले तीन महिन्यांच्या कोर्सवाले नव्हते.

गुणाचं म्हणाल तर जर्मनीतलीच २००७ ची कंबरदुखीची चाचणी बघा, ११६२ रुग्णांची. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला. मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२. नेहमीच्या उपचारांनी २७.४. बिंदू चुकवला तरी गुण जवळपास तोच. मग भिंतीवरचे ते बिंदूंचे तक्ते कशाला?

भीमथडी
सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण एका निष्काळजी सेंटरमुळे अख्खी उपचारपद्धती उकिरड्यावर टाकायची? ऑपरेशनमध्ये पोटात कापूस राहतो म्हणून ऑपरेशनं बंद करतो का आपण? आणि आकडे तुम्हीच दिलेत. २७ कुठे आणि ४७ कुठे!

मी शाळेत गणित शिकवतो. अर्धशिशी उठली की डाव्या डोळ्यापुढे नागमोडी रेघा यायच्या, फळ्यावर मीच लिहिलेलं समीकरण अर्धं दिसायचं नाही. गोळ्या खाऊन पोटात आग. दहा वेळा सुया घेतल्या. महिन्याला सहा-सात वेळा उठणारं डोकं आता दोनदा उठतं. कोणते उपचार द्यावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशीसाठी सुया सुचवल्या, ती माणसं खुळी आहेत का?

रानजाई
त्याच नाइसने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी सुचवलेल्या सुया २०१६ मध्ये काढून टाकल्या, तेही लिहा की. तुमच्या अर्धशिशीची २००५ ची चाचणी आहे, ३०२ रुग्णांची. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले ते खऱ्या सुयांत ५१ टक्के लोकांचे, खोट्यांत ५३ टक्के आणि नुसत्या प्रतीक्षा यादीत १५ टक्के. खोट्या सुया दोन टक्क्यांनी पुढे!

भीमथडी
मग मी त्या पंधरात जाऊन बसू का?

सह्यकडा
फिजिओ आहे, दोघांनाही सांगतो. ‘खोटी सुई’ ही साखरेच्या गोळीसारखी काहीच न करणारी गोष्ट नाही. जर्मन चाचण्यांत ती वरवर का होईना, कातडीत जातच होती. हे टाळायला १९९८ मध्येच बोथट टोकाची सुई निघाली होती. नाटकातल्या खंजिरासारखी ती दाबली की मुठीत सरकते, रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं. पण टोचणाऱ्याला तर कळतंच ना! त्यामुळे वाद मिटत नाही. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस ठरल्या. पण तो फरक लहान आहे. काहीच न करण्याच्या तुलनेत फरक मोठा आहे. हे दोन्ही एका वेळी खरं आहे.

सुई खवाट्याजवळ खोल गेली तर फुप्फुस जवळ असतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, टोचणाऱ्याला विचारा, किती खोल जाणार? उत्तर देता आलं नाही तर उठून या.

सोलापूरकर_७१
कोटणीसांचं नाव आलं म्हणून लिहितो, नाहीतर वाचून सोडून दिलं असतं. ते सर्जन होते हो! १९३८ च्या वैद्यकीय पथकातून गेले, चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्या पथकातल्याच डॉ. बसूंनी, कोलकात्याला, कितीतरी नंतर. आमच्या गावच्या माणसाने जे केलं ते पुरेसं मोठं आहे, त्याच्या नावावर दुकानं चालवू नका.

गोदाकाठची
अवांतर होईल, पण त्या लेखातल्या ‘पायाळू बाळा’वर मला बोलायचंय. मी स्वतः पायाळू.

चीनच्या जिआंग्शीमधला १९९८ चा अभ्यास सगळे नाचवतात. २६० पहिलटकरणी, पायाच्या करंगळीजवळ मोक्सा, ३५ व्या आठवड्याला ७५.४ टक्के बाळं डोक्याकडून खाली. मोक्सा न घेतलेल्यांत ४७.७. स्वित्झर्लंडमध्ये २००९ ला २१२ बायकांवर करून पाहिलं, तर मोक्सा घेतलेल्यांत १८ आणि न घेतलेल्यांत १६ टक्के. त्याच १९९८ साली दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं की चीन, जपान, हाँगकाँग, तैवानमधून आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या यशस्वी. सगळ्या? माझा विश्वास तिथेच उडाला.

आता माझं. पायाळूची लाथ बसली की उसण उतरते, अशी आमच्याकडे समजूत. नववी-दहावीत असताना रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर उसण भरलेली माणसं यायची. पालथी झोपायची आणि मी डाव्या पायाने कमरेवर तीनदा लाथ द्यायची. मला किळस यायची, रडायचे, पण आजीपुढे कुणाचं चालायचं नाही. ढग गडगडले की मात्र हीच आजी मला माजघरात कोंडायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. बहुतेक माणसं चार दिवसांत बरी व्हायची, कारण उसण चार दिवसांत उतरतेच. एक काका तीन रविवार आले. त्यांना उसण नव्हती, मूतखडा होता. मूत्रपिंड सुजून दवाखान्यात गेले तेव्हा कळलं. त्यांच्या मुलीने माझ्याशी बोलणं सोडलं.

घाटवाट
आमच्याकडे पायाळूला गुप्तधन दिसतं म्हणायचे. मामेभावाला कुणीतरी अंजन घालून शेतात न्यायला आलं होतं, आजोबांनी काठी घेऊन हाकललं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आता निदान तक्रार तरी करता येते.

भीमथडी
म्हणजे आता माझे उपचार आणि ओसरीवरच्या लाथा एका पंक्तीत? गोदाकाठची, हा अपमान आहे. मी भोळसट नाही. दीड वर्ष वहीत तारखा लिहिल्यात.

गोदाकाठची
अपमान केला नाही. तुमचं डोकं उतरलं हे मी खोटं म्हणत नाही, ओसरीवरची माणसंही खोटं बोलत नव्हती. कशाने उतरलं, एवढंच विचारतेय. आणि मला लाथा मारायला लावल्या त्याचं काय, ते कुणीच विचारत नाही.

सह्यकडा
यावर २००८ चा आतड्याच्या त्रासाचा अभ्यास आहे, २६२ रुग्णांचा. टोचलेल्या सुया सगळ्या खोट्याच. यादीत थांबलेल्यांपैकी २८ टक्क्यांना बरं वाटलं, न बोलता टोचलेल्यांपैकी ४४, आणि जवळ बसून नीट विचारपूस करून टोचलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना. सरकारी ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. मोक्सावाला पाऊण तास पायाशी बसतो.

भीमथडी
माझा डॉक्टर खरंच खूप वेळ बोलायचा. हे मान्य. पण मग सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचं २०२३ चं परीक्षणही माना. नेहमीच्या देखभालीच्या जोडीला मोक्सा दिला तर उलट्या बाळांचं प्रमाण बहुधा कमी होतं, असं त्यात आहे.

रानजाई
वाचलं आत्ता. आहे तसं. ‘बहुधा’ला ‘सिद्ध’ म्हणू नका, एवढं ऐका, बाकी मी माझे शब्द मागे घेते. छत्तिसाव्या आठवड्याला स्त्रीरोगतज्ज्ञ पोटावरून बाळ फिरवून बघतात, मोक्साच्या नादात ती वेळ मात्र कुणी घालवू नये.

भीमथडी
तुमचं मधुमेहाचं मीही मानतो. आमच्या आईला शुगर आहे आणि पुढच्या आठवड्यात तिला गुडघ्यासाठी माझ्याच सेंटरमध्ये नेणार होतो. पाय बधिर आहेत का ते कसं तपासायचं?

रानजाई
डोळे मिटायला सांगा आणि पायाच्या बोटांच्या टोकांना एकेक करून हलकेच बोट टेकवा. लागलं की लगेच, उजव्या पायाला की डाव्या, ते त्यांना सांगता आलं पाहिजे. एकही चुकलं तर कांडी पायाजवळ आणू देऊ नका, आधी शुगरच्या डॉक्टरांना पाय दाखवा. आणि मोजे काढून बघा, रोज.