मूळ संख्या : कोणती 'मूळ'?

छत्रीबाग, इंदूर : मुलांसाठीचं एक हिंदी गणित-पत्रक मराठीत करायचंय. वाक्य असं: "मूल संख्या 12345679 को 9 से गुणा कीजिए." (उत्तर 111111111.) 'मूळ संख्येला 9ने गुणा' असं केलं, तर पुण्याकडून हरकत आली की ही मूळ संख्या नव्हेच. काय लिहावं?

लष्कर, ग्वाल्हेर : हरकत रास्त आहे. 12345679 = 37 × 333667, म्हणजे संयुक्त. 'दिलेली संख्या' लिहा, मिटलं. पुढे 'भाज्य संख्या' आली तर तिथेही जपा. हिंदीत भाज्य म्हणजे संयुक्त, मराठीत ज्याला भागायचं ते.

मांडवी, बडोदे : मिटलं कसं? खोट 'मूळ' शब्दातच आहे. वर्गमूळ, मूळ किंमत, मूळ संख्या! हिंदीत अभाज्य, गुजरातीत अविभाज्य. मराठीनंच वेगळी चूल का मांडावी?

लष्कर : कारण बाकीच्या संख्या त्यांच्याच गुणाकारातून उगवतात. 'अविभाज्य'नं नुसतं काय होत नाही तेवढं कळतं.

मांडवी : आणि 333667 मूळ आहे हे कशावरून? तीही फुटत असेल.

लष्कर : नाही फुटत. तिचं वर्गमूळ 577 आणि 578च्या मध्ये, म्हणजे एरवी 577पर्यंतच्या 106 मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. पण 333667नं 999999999ला नि:शेष भाग जातो. त्यामुळे तिचा मूळ अवयव एकतर 3 किंवा 37 असणार, नाहीतर 18नं भागल्यावर बाकी 1 उरणारा. 3 आणि 37 दोघांनीही भागल्यावर बाकी 1 उरते, ते बाद. उरले 19, 73, 109 असे करत 577पर्यंत फक्त 16. एकानंही भाग जात नाही. मुलं इथे घाईत 577 सोडून देतात. तोही तपासायचा, बाकी 161.

छत्रीबाग : पत्रकात 8 का गळला तेही आहे. 1/81 = 0.012345679 आवर्ती. 7, 8, 9 नंतरच्या घरात 10 येतात. त्यातला 1 डावीकडे गेला की 9चे 10 होतात, पुन्हा 1 सरकतो आणि 8चा 9 होतो. या 1ला हिंदीत 'हासिल' म्हटलंय. आपल्याकडेही सर्रास तेच म्हणतात, ठेवू का?

लष्कर : 'हातचा' असताना हासिल कशाला?

मांडवी : इंदुरात हासिल चालतं, मग अभाज्यनंच काय घोडं मारलंय? बाय द वे, अंकांची बेरीज 37, आणि 37नं संख्येला भाग जातो. म्हणजे ही हर्षद संख्या. हे नाव कुणा हर्षदभाईंवरून पडलं ना?

लष्कर : छे! देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी दिलेलं नाव. हर्ष देणारी ती हर्षद, जसं सुखद.

मांडवी : मग स्त्रीलिंगी संख्येला 'हर्षदा' हवं.

लष्कर : 'सुखद बातमी' म्हणतोच की आपण. 'सुखदा बातमी' कोण म्हणतं?

छत्रीबाग : आणि हासिलचं काय ठरलं?