पेट्रोल वाढलं, तेव्हा तुमची कोणती चक्कर बंद झाली?

व्हीटेकवाला, पुणे

पंपावर ‘फुल कर’ असं शेवटचं कधी म्हणालो, आठवत नाही. आता तोंडातून आपोआप ‘हजारचं टाक’ निघतं.

माझी २००२ ची होंडा सिटी, १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन. मी तिचा तिसरा मालक. २०११ मध्ये घेतली तेव्हा पेट्रोल सत्तरच्या आसपास होतं. दर रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघायचं, चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणीत एक चहा, की परत फिरून नऊच्या आत घरी. काम काही नाही. घरात त्याला ‘उगाचची चक्कर’ असंच नाव होतं. चार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे ती गाडी जो सूर लावते, त्यासाठी जायचो, झालं.

भाववाढीचीही तेव्हा एक मजा होती. दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला भाव बदलायचा. आदल्या संध्याकाळी बातमी आली की रात्री अकराला पंपावर लग्नघरासारखी गर्दी. दोन रुपये वाचवायला अर्धा तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभे राहणारे शहाणे आम्हीच. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू लागला. आज बारा पैसे, उद्या तेवीस. चिडायचं नेमकं कुठल्या दिवशी, तेच कळेना.

मुंबईत साध्या पेट्रोलनं शंभरी गाठली २९ मे २०२१ ला. माझी चक्कर त्याच दिवशी बंद पडली असं लिहिलं तर गोष्ट छान दिसेल, पण तसं झालं नाही. एका रविवारी पाऊस होता, पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न, त्याच्या पुढच्या रविवारी मी पाचला उठलो, मनातल्या मनात गुणाकार केला आणि पुन्हा झोपलो.

तर तुमची कोणती चक्कर बंद झाली, ते लिहा. गाडीवेडे, रोजचे चालवणारे, दोन चाकं, चार चाकं, सगळे या. सरकार कुणाचं आणि चूक कुणाची, ते इथे नको. त्यासाठी अख्खा फोन मोकळा आहे.

झेडपीचा मास्तर, परभणी

आमच्याकडं म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. २०२१ मध्ये ते पेट्रोलच्या भावापुरतं खरं झालं. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, तर परभणीत. टीव्हीवाले यायचे, पंपाचा बोर्ड दाखवायचे, जायचे. कारण साधं आहे. आमचं तेल मनमाडच्या डेपोतून येतं. टँकर सुमारे तीनशे किलोमीटर चालत येतो, त्याचं भाडं आमच्याच लिटरात.

माझी शाळा ३४ किलोमीटरवर. जाऊन येऊन ६८. स्प्लेंडर साठचं अॅव्हरेज देते, म्हणजे रोज एक लिटरच्या वरच. महिन्याला अठ्ठावीस लिटर धरा. सत्तरच्या भावात दोन हजाराला थोडे कमी, एकशे दहाच्या भावात तीन हजाराच्या वर. आम्ही दोन मास्तर मग एका गाडीवर आलो. एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी. त्याला उशिरा उठायची सवय, त्यामुळं त्याच्या आठवड्यात परिपाठ मुलंच घेतात.

बंद काय झालं विचारता, तर शाळेच्या वाटेवरून आत नऊ किलोमीटरवर माझं गाव. सुटल्यावर रोज आईकडं वाकडी वाट करून जायचो. दहा मिनिटं बसायचं, चहा घ्यायचा. आता मागं सहकारी बसलेला, त्याला रोज कुठं नेणार? शनिवारी जातो.

उजवी लेन, स्टुटगार्टजवळून

वर जर्मनीचं नाव निघालंच आहे, तर हजेरी लावते.

मी मूळची साताऱ्याची. इथे फोक्सवॅगनची वेगवान, सेकंडहँड गोल्फ जीटीआय घेतली, तेव्हा आई म्हणाली होती, “बाई, साधी गाडी मिळत नाही का तिकडे?” मार्च २०२२ मध्ये लिटरचा भाव दोन युरोच्या वर गेला. तेव्हा इथे भाव दिवसातून अनेकदा बदलायचा. सकाळी चढा, संध्याकाळी जरा उतरता. फोनवर अॅप असतं, कुठल्या पंपावर आत्ता किती ते दिसतं. ऑफिसमधले डॉक्टरेट झालेले इंजिनिअर तीन सेंटसाठी संध्याकाळी सातपर्यंत थांबताना पाहिले आणि एकदम घरच्यासारखं वाटलं.

त्या जून ते ऑगस्टमध्ये सरकारनं इंधनावरचा कर कमी केला, आणि सोबत नऊ युरोत महिनाभर देशातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस, सगळं. मी तीन महिने गोल्फला हात लावला नाही. लिंडाऊच्या तळ्यापर्यंत उभ्यानं गेले. गर्दी बघून पनवेल-सीएसएमटी आठवली.

आता गाडी काढते, पण ऑटोबानवर (इथला महामार्ग) वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यातसुद्धा उजव्या, म्हणजे इथल्या संथ लेनमध्ये, ११० नं. एकशे ऐंशीला गेलं की तेल जवळपास दुप्पट जातं. आईला हे सांगितलं, ती जाम खूश.

रंकाळ्याचा, कोल्हापूर

भावांनो, माझा खुळेपणा ऐका.

२०२१ च्या दिवाळीला केंद्रानं पेट्रोलवर पाच, डिझेलवर दहा रुपये कमी केले. कर्नाटकानं त्यावर आपला कर आणखी सात रुपयांनी उतरवला, आपल्याकडं तेव्हा तसं काही झालं नाही. झालं, सीमेच्या पलीकडं लिटरमागं नऊ-दहा रुपये स्वस्त! मी दर पंधरा दिवसाला गाडी घेऊन कागल ओलांडून पलीकडच्या पंपावर. सोबत दोन मित्र. जाताना रुबाब असा की जणू सोनंच आणायला निघालोय.

चार महिन्यांनी बायकोनं वही काढली. जाऊन येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गाडी पंधराचं देते, म्हणजे साडेतीन लिटर जाळलं, साडेतीनशे रुपये. टाकीत बसलं पस्तीस लिटर, वाचले तीनशे पंधरा. वर तिघांचा नाश्ता. तिनं वही मिटली, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

जून २०२४ मध्ये कर्नाटकानं पेट्रोल तीन रुपयांनी वाढवलं, त्याच्या आधी आपल्याकडं थोडं उतरलं होतं. मग फरक एक-दोन रुपयांवर आला. मित्र अजून विचारतात, “जायचं काय?” नाश्ता खरंच चांगला होता तिथला.

बांदेकर, सिंधुदुर्ग

आमका असलो हिशेब पडना नाय. बांदा सोडला की पत्रादेवी, थंय गोवा. बाजार, डॉक्टर, लग्नाची खरेदी, सगळा थंयच. टाकी वाटेत भरून होता. मुंबैसून गणपतीक येतले पावणे मात्र आता तीन सख्खे भाव एका गाडयेन येतत. मागच्या शिटीवर पोरा, पोरांवर माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगूचा, सामान.

८६ चा धडा, विक्रोळी

टॅक्सी चालवतो, अॅपवरची, सीएनजी. चक्कर वगैरे शौक आम्हाला नव्हताच, दिवसभर चक्करच. पण लिहितो.

१ एप्रिल २०२२ ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. मुंबईत किलोला साठ रुपये झाले. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोच किलो ८६ ला. चार महिन्यांत सव्वीस रुपये. काळी-पिवळीचं किमान भाडं त्या ऑक्टोबरमध्ये २५ चं २८ झालं, आमचं भाडं कंपनीचा कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या हातात एकच गोष्ट होती, एसीचं बटण. तेच आम्ही बंद केलं. त्यावरून किती भांडणं झाली असतील, मोजलेली नाहीत. एक आजोबा सायनपासून बोरीवलीपर्यंत खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले आणि उतरताना शंभर रुपये वर दिले. एका मुलानं दोन किलोमीटरसाठी एक स्टार दिला.

भावापेक्षा रांगेनं जास्त मारलं. तासभर उभं राहायचं, नंबर आला की पंपवाला सांगतो, “प्रेशर नाही.” आठ किलोच्या जागी साडेपाच-सहा भरतं, म्हणजे संध्याकाळी परत रांग.

आधी दुपारी घरी जेवायला जायचो. ते बंद. आता डबा गाडीतच. पहिल्याच आठवड्यात सुकट नेली. पुढचे चार पॅसेंजर काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नांगरट, बार्शी

गाडीवेड्यांच्या पंगतीत ट्रॅक्टर चालतो का? चालत असेल तर वाचा.

माझा ट्रॅक्टर भाड्यानं जातो. काळं रान, पल्टी नांगर लावला की एकरी सात-आठ लिटर डिझेल पितो. रान वाळलेलं असलं तर जास्तच. डिझेल सत्तरच्या आत होतं तेव्हा मी एकरी पंधराशे घ्यायचो. २०२२ च्या उन्हाळ्यात डिझेल शंभराच्या वर गेलं, मी बावीसशे सांगायला लागलो. सांगताना माझीच मान खाली. समोरचा चुलता, मामा, नाहीतर शाळेतला दोस्त. त्यांनाही खत महाग, बियाणं महाग, त्यात मी.

मे महिन्यात केंद्रानं डिझेलवरचे सहा रुपये कमी केले. बातमी रात्रीची. सकाळी साडेसहाला पहिला फोन, “डिझेल उतरलं म्हणं, मग आता किती घेणार?” वाढलं तेव्हा ह्याच माणसाला पंधरा दिवस कळलं नव्हतं.

खरी गोची उधारीची. पंपवाला रोख मागतो, शेतकरी सुगीला देतो. जूनमध्ये जाळलेल्या डिझेलचे पैसे सोयाबीन निघाल्यावर. मध्ये चार महिने माझा पैसा लोकांच्या रानात गाडलेला. भाव वाढला की गाडलेला पैसाही वाढतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

बंद झालेली चक्कर म्हणजे कार्तिकीची. दरवर्षी ट्रॉली जुंपायची, खाली कडबा, वर सतरंज्या, गल्लीतली म्हातारी माणसं बसवायची आणि पंढरपूर. (नियमात बसत नाही, माहीत आहे.) डिझेल माझं, चहा त्यांचा. २०२२ ला पहिल्यांदा मी माणशी पन्नास रुपये वर्गणी मागितली. दिलीच सगळ्यांनी. पण पुढच्या वर्षी पाच जण आलेच नाहीत. विचारलं तर एक म्हणाली, गुडघे दुखतात. दुखत असतीलही. त्यानंतर मी ट्रॉली जुंपली नाही.

हिशेबनीस, ठाणे

आमची चक्कर बंद झाली नाही, कारण ती वसूल करायची आहे.

२०१२ मध्ये नवऱ्यानं डिझेलची स्विफ्ट घेतली. त्या मे महिन्यात पेट्रोल आणि डिझेलमध्ये तीस रुपयांहून जास्त फरक होता. डिझेल मॉडेल लाखभरानं महाग, पण “चार वर्षांत फिटतं बघ.” आम्ही महिन्याला चारशे किलोमीटर चालवायचो, तेही धरून-बांधून. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव सरकारनं मोकळे सोडले आणि फरक आटत गेला. तेव्हापासून घरात कोणी नाशिक म्हटलं की हा किल्ली घेऊन दारात. अजून फिटायचंय.

टू-टी, सांगली

माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल, शेवटच्या वर्षातली, १९९६ ची. पेट्रोलबरोबर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइलही पिते, त्यामुळे मला महागाई दोन तोंडांनी खाते. तरी मी चालवायची थांबवली नव्हती. थांबवलं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलनं.

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ताकद. नव्या गाड्या जुळवून घेतात. जुन्यांचं अॅव्हरेज तीन ते सहा टक्क्यांनी पडू शकतं, हे सरकारनंही मान्य केलंय. भाव तोच आणि किलोमीटर कमी, म्हणजे न सांगता झालेली दरवाढच की. पण अॅव्हरेजसाठी आरएक्स कोण ठेवतं? माझं दुखणं वेगळं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज, कार्बोरेटरचे जेट तुंबलेले, जुने रबरी पाइप फुगून मऊ. दोनदा पेट्रोल कॉक बदलला. १०० ऑक्टेनचं खास पेट्रोल घ्या, असा सल्ला मिळतो. दीडशेच्या वरचा भाव बघून मी मेकॅनिकलाच चहा पाजला.

गंमत म्हणजे माझ्या मामाचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथंच इथेनॉल बनतं. मामा खूश आहे. मी पाइप बदलतोय.

चार्जिंगला लावलीय, नवी मुंबई

ईव्ही घेतली, दोन वर्षं झाली. महिन्याचं बिल सांगितलं तर वरचे सगळे मारतील. आवाज नाही, गिअर नाही, पंपावरचा तो वास नाही. द्रुतगती मार्गावर चार्जरसाठी चाळीस मिनिटं थांबलो होतो, तेव्हा शेजारी कुणीतरी जुनी सफारी सुरू केली. मी काच खाली केली.

व्हीटेकवाला, पुणे

सगळं वाचलं. मास्तर, शनिवार सोडू नका.

टू-टी, उभ्या गाडीचं तुम्ही लिहिलंत आणि खाली जाऊन बॅटरी बघितली. बसली होती. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट करून पंधरा मिनिटं पार्किंगमध्येच चालू ठेवली. जागेवर उभ्या उभ्या पेट्रोल जाळलं, तेही बायकोच्या देखत. ती म्हणाली, एवढंच करायचं असेल तर रस्त्यावर तरी ने.

कोथरूड ते ताम्हिणी जाऊन येऊन एकशे वीस किलोमीटर. घाटात अकराच्या वर देत नाही, म्हणजे अकरा लिटर, साधारण साडेअकराशे रुपये. रविवारी साडेपाचला निघतोय. मागे तीन सीट रिकाम्या आहेत. वर्गणी मागणार नाही, मिसळ तुमची.