सण संपून कित्येक महिने झाले, लायटिंगच्या माळा आता कशा उतरवायच्या?

प्रश्न

नमस्कार मंडळी, घराच्या बाहेर गॅलरीच्या कठड्याला आणि समोरच्या झाडाला सणाला लावलेल्या एलईडीच्या माळा अजून तशाच आहेत. लावल्या होत्या दिरांनी, ते आता परगावी असतात आणि घरात शिडीवर चढणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे राहिल्या ते राहिल्याच. काल सहज हात लावून बघितला तर वायर काडीसारखी कडक झालीये, कठड्याच्या कोपऱ्यावर दोन ठिकाणी आवरण तडकून आतली तार दिसतेय, झाडावर तर वायर फांदीच्या सालीत रुतलीये आणि त्यावरून वेल पण चढलाय. वर म्हणजे वरच्या फांदीत माळेच्या गुंत्यातच एका छोट्या पक्ष्याने घरटं केलंय. मुलं तिथेच खेळतात म्हणून मला हे लवकर निस्तरायचंय. कुठून सुरुवात करू, घरट्याचं काय करायचं, आणि या माळा पुढच्या सणाला परत चालतील का?

प्रतिसाद १

ताई, वायरिंगचं काम करतो म्हणून लिहितोय. सगळ्यात आधी प्लग. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बऱ्याच जुन्या बोर्डांत बटण भलत्याच वायरवर असतं, मग बटण बंद तरी माळेत करंट असतोच. प्लग पूर्ण उपटून काढा. आणि प्लग किंवा अडॅप्टर ओला असेल, पिना हिरव्या-काळ्या पडल्या असतील तर त्याला हात लावायच्या आधी त्या लाईनचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा सुरक्षा स्विच, पाडा. हे झाल्याशिवाय उघड्या तारेजवळ कोणी जायचं नाही, मुलांना तर आजच सांगून ठेवा.

वायर कडक का झाली तर, वरचं आवरण पीव्हीसीचं असतं, ते मुळात कडकच, त्याला मऊ ठेवायला त्यात एक तेलकट द्रव्य घालतात. ऊन आणि उष्णतेने ते हळूहळू निघून जातं, शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक स्वतःच कुजतं. म्हणून तुम्हाला दोन ठिकाणी तडा दिसतोय पण बारीक तडे सगळीकडे असणार. चिकटपट्टी गुंडाळून काही होणार नाही. खात्री करायची तर प्लग काढल्यावर उन्हातला एखादा तुकडा बोटाभोवती वळवून बघा, पांढरी रेघ उमटली किंवा चिरा पडल्या तर ती माळ संपली. या माळा थोड्या दिवसांच्या वापरासाठीच असतात, अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये तर सणाच्या तात्पुरत्या लायटिंगला ९० दिवसांची मर्यादाच घातलीये. माझं स्पष्ट मत, बाहेरच्या माळा परत लावू नका.

प्रतिसाद २

झाडाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वायर रुतलीये म्हणजे फांदी जाड झाली आणि माळ तिथेच आवळत राहिली. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या लगेच आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं, वायर चारी बाजूंनी आवळली की तो रस्ताच बंद होतो आणि फांदी पुढून वाळत जाते. खोडाला असं झालं तर अख्खं झाड जातं. त्यामुळे झाडाची बाजू आधी घ्या, कठडा दोन दिवस थांबला तर चालेल.

पण ओढू नका हो! एका टोकाला धरून ओढलं की साल सोलून निघते आणि ती जखम आवळण्यापेक्षा वाईट. प्लग काढलेला असताना छोटं कटर घ्या, फांदीभोवतीचा प्रत्येक वेढा एकेका ठिकाणी तोडा, मोकळा होईल तेवढा भाग हलक्या हाताने सोडवा. जो तुकडा सालीत पूर्ण गाडला गेलाय तो खोदून काढायच्या फंदात पडू नका, वेढा तुटला की आवळणं थांबतं, तेवढंच हवंय. झिपटाय (प्लास्टिकच्या आवळपट्ट्या) असतील तर त्या सुरीने कापू नका, सुरी घसरून सालीत जाते. वेलाचं टेन्शन घेऊ नका, थोडा छाटला तर परत फुटतो.

प्रतिसाद ३

घरट्याला हात लावू नका प्लीज. लांबून दोन-तीन वेळा बघा, पक्षी ये-जा करतोय का. करत असेल तर आत अंडी किंवा पिल्लं आहेत असंच धरायचं. छोट्या पक्ष्यांचं अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिनाभरात आटपतं, तेवढं थांबणं काही फार नाही. घरट्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतर सोडून माळ तोडा आणि मधला तुकडा तसाच राहू द्या, करंट नाही म्हटल्यावर त्याचा काही त्रास नाही. ती फांदी हलणार असेल तर तिथलं काम नंतरच करा. ब्रिटनमध्ये तर १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वापरातलं घरटं काढणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसला तरी एवढं आपण करायलाच हवं.

प्रतिसाद ४

प्रतिसाद १ शी पूर्ण सहमत नाही. सगळंच कचऱ्यात टाकायची घाई नको, गॅलरीत छपराखाली सावलीत अख्खी माळ असेल आणि वायर मऊ असेल तर ती घरात वापरता येते की. उगाच ई-कचरा कशाला वाढवायचा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लग काढला, पिना खरंच हिरव्या पडल्या होत्या. बोटाभोवती वळवून बघितलं, कठड्यावरची वायर लगेच तडकली, पण छपराखाली एक वेगळी माळ आहे ती अजून मऊ आहे. घरट्यात पक्षी येतोय, तो भाग सोडून देतेय. एकच विचारायचंय, झाडावरची माळ तोडल्यावर प्लगकडचा जो चांगला तुकडा उरेल तो वापरला तर चालेल का?

प्रतिसाद १

नाही ताई, हे मात्र अजिबात नको. या माळांत बल्ब एकामागून एक साखळीत जोडलेले असतात आणि घरातला पूर्ण व्होल्टेज त्या साखळीतल्या सगळ्या बल्बांत वाटला जातो. मधले बल्ब कमी करून तारा परत जोडल्या की उरलेल्यांवर जास्त दाब येतो, ते तापतात, आणि तापलेली वायर म्हणजे आगीला आमंत्रण. तोडलेली माळ टाकताना तिचा प्लग पण मुळापासून कापून टाका, म्हणजे कोणी उचलून घरी नेऊन लावायला नको. बाकी ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, आत तांबं असतं, जाळून तांबं काढणारे लोक असतात आणि पीव्हीसीचा धूर फार वाईट.

मऊ माळ ठेवायला हरकत नाही, प्रतिसाद ४ चं तेवढं पटलं. पण ठेवायच्या आधी जमिनीवर पसरून कोरडी करा, नवीन प्लग लावून घ्या, मग अर्धा तास लावून बघा आणि हात लावून कुठे गरम होतेय का तपासा. कोपरावर गुंडाळू नका, पीळ पडून वायर आतून तुटते, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळा.

आणि शिडी भिंतीला लावताना चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, या हिशोबाने लावा, खाली धरायला माणूस हवाच. फांदीला शिडी टेकवू नका, झाडावरचं काम माळ्याला बोलवून करून घेतलेलं बरं.